थंडीत पातळ, उबेला घट्ट: प्लुरोनिक एफ१२७ चं जेल कसं बनवायचं

तूप थंडीत थिजतं आणि उन्हात पाघळतं हे आपण लहानपणापासून बघतो, पण याच्या बरोब्बर उलटा वागणारा एक पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) आहे, पाण्यात विरघळवून फ्रीजमध्ये ठेवला की पातळ आणि बाहेर काढून मुठीत धरला की घट्ट. नाव प्लुरोनिक एफ१२७, औषधवाले त्यालाच पोलोक्सॅमर ४०७ म्हणतात. एमएस्सीला सेल्फ असेंब्ली, म्हणजे रेणूंनी आपणहून एकत्र येऊन रचना बनवणं, हा शब्द आपण शंभरदा लिहितो, पण ती डोळ्यांसमोर घडताना बघायची असेल तर हा प्रयोग कराच, वजनकाटा, मॅग्नेटिक स्टरर (चुंबकाने ढवळणारं यंत्र), बर्फ आणि फ्रीज एवढ्यावर भागतं.

प्रमाण सोपं आहे, ४० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरला १० ग्रॅम पावडर, म्हणजे वजनाने २० टक्के. पाणी आधी फ्रीजमध्ये गार करून घ्या, बीकर बर्फात बसवा, स्टरर हळू ठेवा आणि पावडर चिमटी-चिमटीने सोडत जा. इथे घाई अजिबात नको. मी पहिल्यांदा लवकर विरघळेल म्हणून कोमट पाणी घेतलं, साखरेची सवय ना आपल्याला, तर पावडरचे चिकट गोळे झाले, बाहेरून बुळबुळीत आणि आतून कोरडे, स्टरर बार त्यात रुतून बसला आणि अख्खा दिवस गेला. गार पाण्यातही सगळं लगेच विरघळत नाही, वर साबणासारखा फेस येतो, घाबरू नका, झाकण लावून रात्रभर ४ डिग्रीला फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी फेस बसलेला असतो, गाठी गेलेल्या असतात आणि काचेसारखं स्वच्छ सोल्युशन मिळतं.

आता टेस्ट. टेस्ट ट्यूबमध्ये साधारण २ मिली घ्या, गार पाण्याच्या बाथमध्ये थर्मामीटरसोबत ठेवा आणि एकेक डिग्री वाढवा, दर वेळी पाच मिनिटं थांबून ट्यूब आडवी आणि मग उलटी करून बघा. आधी भसकन वाहतं, मग मधासारखं ओघळतं, आणि मग एका डिग्रीला ट्यूब पूर्ण उलटी केली तरी हलत नाही, आतला बुडबुडा जिथे असेल तिथेच अडकून राहतो. २० टक्क्यांना हे साधारण २० ते २५ डिग्रीच्या मध्ये होतं. ट्यूब परत बर्फात घाला, पुन्हा पाणी. कितीही वेळा करा, तेच होतं.

आता हे होतं कसं ते समजून घ्या, खरी मजा तिथे आहे. एका रेणूचे तीन तुकडे असतात, दोन्ही टोकांना पाणी आवडणारा पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड) आणि मध्ये पाण्याशी फारसं न जमणारा पीपीओ (पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइड). एफ१२७ या नावातच माहिती आहे बघा, एफ म्हणजे फ्लेक्स (पापुद्र्यांसारखा घन), १२ ला ३०० ने गुणलं की ३६०० हे पीपीओचं अंदाजे वजन आणि शेवटच्या ७ चा अर्थ ७० टक्के पीईओ. गारठ्यात पाण्याचे रेणू पीपीओलाही धरून बसलेले असतात म्हणून सगळं सुखाने विरघळतं, पण गरम व्हायला लागलं की ते पाणी सुटतं, पीपीओ उघडे पडतात आणि एकमेकांकडे वळून गोळा होतात, बाहेर पीईओची केसाळ गुंडाळी. हे झाले मायसेल. पुरेसे मायसेल झाले की ते किराणा दुकानातल्या संत्र्यांच्या राशीसारखे शिस्तीत रचले जातात आणि हलायला जागाच उरत नाही, तेच आपलं जेल. या सगळ्यात एकही नवा कोव्हॅलंट बाँड (अणूंना जोडणारा पक्का रासायनिक बंध) बनलेला नाही, म्हणूनच ते परत उलटं फिरतं. माझ्या मते हे एवढं कळलं तरी निम्मी सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री, म्हणजे असे पक्के बंध न बनवता रेणू एकत्र कसे येतात त्याचं शास्त्र, कळली.

म्हणून १० टक्क्यांचं सोल्युशनही करून बघा, त्यात मायसेल बनतात पण रास दाटत नाही, तर ते वाहतच राहतं. २५ टक्के केलंत तर आणखी कमी तापमानाला घट्ट होतं. थोडं मीठ घातलं तरी जेल होण्याचं तापमान खाली येतं, कारण मीठ पाण्याला स्वतःकडे ओढतं.

आणि एक, खोलीच्या तापमानावर विसंबू नका. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी आमचं जेल होईचना, सगळ्यांना वाटलं पावडरच खराब आहे, आणि दुपारी जेवून आलो तर तीच बाटली टेबलावर आपोआप घट्ट झालेली.

याच गुणाचा वापर हार्वर्डमध्ये जेनिफर लुईस यांच्या ग्रुपने २०१४ मध्ये केला, एफ१२७ ची शाई करून थ्रीडी प्रिंटरने बारीक नळ्या छापल्या, भोवती दुसरं जेल ओतलं आणि मग सगळं गार केलं, शाई पातळ झाली, ती ओढून काढली आणि आत रक्तवाहिन्यांसारखे पोकळ मार्ग उरले. तुम्हाला हे साध्या पद्धतीने बघायचं असेल तर गार सोल्युशनमध्ये खायच्या रंगाचा थेंब टाकून सिरिंजमध्ये भरा आणि ४० डिग्रीच्या पाण्यात हळूच सोडा, धार पडता पडताच घट्ट होते आणि काही वेळ शेवेसारखी टिकून राहते.