गेलिक फुटबॉल-हर्लिंगवरची टीव्ही चर्चा कशी बघायची

गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग (काठीने बॉल मारायचा खेळ) हे आयर्लंडचे देशी खेळ. आधी स्कोअर वाचायला शिका, नाहीतर एक्स्पर्ट लोक कशावरून भांडतायत ते सगळं डोक्यावरून जाणार. 1-15 म्हणजे 1 गोल (बॉल जाळ्यात) आणि 15 पॉइंट (बॉल गोलच्या आडव्या दांडीवरून), गोलचे 3 धरायचे, एकूण झाले 18, आणि समोरच्यांचा 0-19 असेल तर एकही गोल न मारता तेच जिंकले. 2025 पासून फुटबॉलमध्ये गोलसमोर आखलेल्या 40 मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या किकला 2 पॉइंट मिळतात, हर्लिंगमध्ये तसलं काही नाही.

मग आयर्लंडच्या आरटीई या सरकारी टीव्हीवरचा ह्या खेळांचा कार्यक्रम 'द संडे गेम' लावा, 1979 पासून चालू आहे. बोलणारे बहुतेक जुने खेळाडू असतात, म्हणून तो काय बोलतोय त्याआधी कुठल्या काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग, संघ काउंटीवारच असतात) आहे ते बघायचं, माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. पॅट स्पिलेनचंच घ्या, केरी काउंटीकडून 8 वेळा ऑल-आयर्लंड (देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकलेला माणूस, 2003 च्या सेमीफायनलला टिरोनवाले बॉल असलेल्या केरीच्या खेळाडूवर घोळक्याने तुटून पडायला लागले तर ह्याने त्याला 'प्यूक फुटबॉल' म्हणजे ओकारी आणणारा फुटबॉल म्हणून टाकलं. आता हे विश्लेषण म्हणायचं की पोटदुखी? टिरोनने त्याच वर्षी कप उचलला की राव!

अजून एक, खेळाडू सगळे हौशी, पगार नाही, रविवारी खेळून सोमवारी कामावर जाणारे, त्यामुळे त्यांना टीव्हीवर किती झोडायचं हा वाद कायमचाच.

मॅच म्यूट करून बघा, स्वतःचं मत बनवा, आवाज हाफटाइमला वाढवा.