गाडीवरच्या बारीक रेघा: आधी पॅड बदला, मग पॉलिश

जोतिबाची चैत्र यात्रा झाली की पुढचे काही आठवडे माझ्याकडे गुलाबी गाड्या येतात. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरून उतरलेल्या गाडीच्या बॉनेटवर, दाराच्या रबरात, वायपरच्या खाचेत गुलाल असतोच. मालकानं घरी पोचल्यावर तो कोरड्या फडक्यानं झटकलेला असतो आणि त्याच फडक्यानं रंगावर जाळं पडलेलं असतं, उन्हात गोल गोल दिसणारं. उसाच्या हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांची काजळी, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींकडची लोखंडी धूळ, उपनगरातल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, ही आपल्याकडची बाकीची कारणं. यातलं बरंचसं घरी काढता येतं. फक्त दुकानात जाऊन “चांगलं पॉलिश द्या” एवढंच म्हणून चालत नाही.

आधी रंगाची जाडी समजून घ्या, कारण सगळी निवड तिच्यावर अवलंबून आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरची पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. त्यातली क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. पॉलिश करताना रेघ पुसली जात नाही. रेघेच्या आजूबाजूची क्लिअर कोट रेघेच्या तळापर्यंत घासून खाली येते, म्हणून रेघ दिसेनाशी होते. उन्हापासून रंगाला वाचवणारा थर हाच, आणि एकदा गेला की रंगकाम केल्याशिवाय परत येत नाही. त्यामुळे पॅड आणि पॉलिशच्या ज्या मवाळ जोडीनं काम होतंय, तिच्यापेक्षा कडक जोडी कधीही वापरू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

रेघेवरून नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर ती रेघ पॉलिशच्या हातातली नाही. तिच्या कडा मऊ करता येतात, नजरेत कमी भरते, पण पूर्ण काढायच्या नादात रंग उघडा पडतो.

पॉलिशच्या मशीनला हात लावण्याआधी गाडी नीट धुवा. शाम्पू वेगळ्या बादलीत, फडकं खळबळायचं पाणी वेगळ्या बादलीत. गुलाल असेल तर आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं वाहू द्या, हात लावू नका. फाउंड्रीच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाडीवर, विशेषतः पांढऱ्या, बारीक नारिंगी ठिपके दिसतात. तो रंगात रुतलेला लोखंडी कण गंजलेला असतो. त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडी कण काढायचं द्रावण, मारलं की ते जांभळं होऊन ओघळतं. उरलेला खरखरीतपणा भरपूर शाम्पूचं पाणी मारत क्ले बारनं, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीनं, काढायचा. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर बोटं फिरवा, उघड्या हाताला न कळणारी खरखर लगेच कळते. हा कण रंगावर राहिला तर पॅडखाली सापडून नव्या रेघा तोच काढतो.

आता पॅड. माझं मूळ घर हुपरीचं. चांदीला चकाकी आणताना बफ कोणता आणि त्यावर मसाला कोणता, हे दोन्ही मिळून ठरतं. गाडीच्या रंगाचंही तसंच आहे. पण गिऱ्हाईक तासभर बाटल्या वाचतं आणि पॅड मात्र मशीनबरोबर आला तो घेतं.

पॅडचे ढोबळ तीन प्रकार. लोकरीचा पॅड सगळ्यात जास्त कापतो, म्हणजे क्लिअर कोट घासून काढतो. रस्त्याकडेच्या रबिंगमध्ये हाच गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनवर लावतात. गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते, कारण कंपाउंडमधलं, म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशमधलं, तेल रेघांत बसलेलं असतं. दोन-चार वेळा धुतल्यावर तेल जातं आणि उन्हात पट्ट्या-पट्ट्यांची झाक दिसायला लागते. बारीक रेघांसाठी लोकर नकोच. मायक्रोफायबर पॅडही चांगलाच कापतो, पण गरम लवकर होतो आणि गडद रंगावर धुरकटपणा सोडतो. घरी करणाऱ्यानं फोमच घ्यावा. त्यातही तीन पायऱ्या आहेत: कापणारा कडक, पॉलिशिंगचा मध्यम आणि फिनिशिंगचा मऊ.

इथं एक मोठा गोंधळ होतो. फोमच्या रंगाला सगळ्या कंपन्यांत मिळून एकच अर्थ नाही. लेक कंट्रीचा पिवळा पॅड चांगला कापणारा आहे, तर रूपेसचा पिवळा बारीक कामाचा. थ्री-एममध्ये हिरवा कंपाउंडचा, पिवळा मधला आणि निळा शेवटच्या फिनिशचा, पण रूपेसचा निळा सगळ्यात कडक. “पिवळा पॅड घे” असा मित्राचा सल्ला म्हणूनच उपयोगाचा नाही. पाकिटावर काम काय लिहिलंय ते वाचा आणि बोटानं दाबून बघा.

एका गाडीला एक पॅड पुरत नाही. मध्यम फोमचे निदान तीन-चार पॅड हाताशी ठेवा. पॅड पॉलिशनं आणि निघालेल्या रंगानं भरला की कापायचं थांबतो, नुसता गरम होतो.

मशीन ड्युअल ॲक्शन घ्या, जे फिरतं आणि थरथरतंही. रोटरी एका जागी क्षणभर जास्त थांबलं तरी दाराच्या कडेवरचा रंग जळतो. पॅड चिकटवायची ५ इंची प्लेट आणि साडेपाच इंची पॅड बहुतेक कामाला पुरतो. प्लेटच्या कडेवर मार्करनं एक रेघ मारून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली नाही तर तुम्ही जास्त दाबताय, मशीन नुसतं थरथरतंय आणि काम होत नाहीये.

पॉलिशच्या बाटलीत खरं काम करतात ते अपघर्षक कण, बहुतेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. कंपाउंडमध्ये ते जास्त कापतात, फिनिशिंग पॉलिशमध्ये कमी. मेन्झेर्नाच्या बाटल्यांवर आकडा वाढतो तसं पॉलिश बारीक होतं: ४०० जोरदार कापणारं, २५०० मधलं, ३८०० शेवटच्या चमकेचं. मेग्वायर्समध्ये एम १०५ कंपाउंड आणि एम २०५ फिनिशिंग. थ्री-एमच्या परफेक्ट-इट मालिकेत हिरवं झाकण कापायला, पिवळं त्यानंतर, निळं शेवटी. काही पॉलिशमधले कण घासता घासता तुटून बारीक होतात, त्यामुळे ते पूर्ण काम होईपर्यंत चालवावं लागतं. मध्येच थांबलात तर धुरकट झाक राहते. काहींचे कण शेवटपर्यंत तसेच राहतात, तिथे हाताचा दाब हळूहळू हलका करत न्यायचा. बाटलीवर ‘ग्लेझ’ किंवा ‘फिलर’ असेल तर ती रेघ झाकणारी वस्तू आहे, काढणारी नाही. विकायच्या गाडीला लावतात. स्वतःच्या गाडीला मी लावणार नाही.

पहिल्यांदा करणाऱ्याला माझी खरेदी अशी: एक फिनिशिंग पॉलिश, एक मध्यम पॉलिश, मध्यम फोमचे चार पॅड, मऊ दोन, कडक एकच. कंपाउंड आत्ता घेऊ नका.

मग बॉनेटवर मास्किंग टेपनं दीड-दोन फुटांचा चौकोन आखा. त्यात सुरुवात फिनिशिंग पॉलिश आणि मध्यम पॅडनं. नव्या पॅडला आधी पॉलिशचा पातळ हात द्यायचा, नंतर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून पसरवा, मशीनचा वेग १ किंवा २ वर ठेवून सुरू करा, मग ४ ते ५ वर, सेकंदाला इंचभर एवढ्या संथ गतीनं, आडवं-उभं, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवत, चार-पाच वेळा. पुसून घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून मारा, म्हणजे तेल निघून खरी अवस्था दिसेल. एलईडी टॉर्च तिरकी धरून बघा.

रेघा राहिल्या? तेच पॉलिश ठेवा, पॅड कडक करा. तरीही राहिल्या तर पॅड परत मध्यम आणि पॉलिश मधलं. बहुतेक गाड्यांचं इथंच भागतं. कडक जोडीनं धुरकटपणा आला तर मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचा एक हात नंतर द्यायचा. चौकोनात जी जोडी जमली तीच सगळ्या गाडीला, फक्त एखादा पॅनल आधी बाहेर रंगवलेला असेल तर त्याचा चौकोन वेगळा. तो रंग कारखान्याच्या रंगापेक्षा मऊ असू शकतो. जुन्या गाडीचा साधा, क्लिअर कोट नसलेला रंग पॅडवर उतरतो, त्यानं घाबरू नका, पण हात हलका ठेवा.

एक पोरगं परवा म्हणालं, “मामा, पांढऱ्या गाडीवर रेघा दिसतच नाहीत की ओ, सरळ कंपाउंड मारू.” दिसत नाहीत म्हणूनच पांढऱ्या गाडीवर जास्त घासलं जातं. तिथं टॉर्च जास्त वेळा धरावी लागते.

बोअरच्या पाण्याचे डाग ताजे असतील तर आधी पाण्यात निम्मं पांढरं व्हिनेगर मिसळून मारा, मिनिटभरात धुऊन टाका. क्षार विरघळून गेल्यावर खाली खड्ड्यासारखी गोल खूण उरली तरच पॉलिश. पक्ष्यांच्या विष्ठेच्या खुणा खोल असतात. निम्मी गेली तर समाधान मानावं. दाराच्या हँडलमागे अंगठीच्या, नखाच्या रेघा असतात, तिथं मशीन शिरत नाही. लहान फोमचा तुकडा, फिनिशिंग पॉलिश आणि दोन बोटं पुरतात.

रंग हाताला गार लागला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर, सावलीत. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटतं. दाराच्या कडा, बॉनेटची घडी आणि काळं प्लास्टिक टेपनं झाका. कडांवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असते, आणि काळ्या प्लास्टिकवर वाळलेलं पांढरं पॉलिश काढताना जीव जातो. प्रत्येक चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशनं झाडा. काम संपल्यावर त्याच दिवशी रंगाला जपणारा वॅक्स किंवा सीलंटचा हात द्या. पॅड कोमट पाण्यात साबणानं धुऊन, पिळ न देता दाबून, फोमची बाजू खाली करून सावलीत वाळवा. पाणी पाठीकडे उतरलं तर गोंद सुटतो आणि पुढच्या वेळी चालू मशीनवरून फोम उडून जातो.