सेल आत विसरलात की तो पाणी सोडणारच, मग काय करायचं

आमच्या गावाकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल, तर गोंधळ नको म्हणून मी टॉर्चला टॉर्चच म्हणतो. वडिलांचा तीन सेलचा स्टीलचा टॉर्च दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा. जूनमधला पहिला वादळी पाऊस, लाइट गेली, त्यांनी अंधारात चाचपडत टॉर्च काढला, बटण दाबलं, काही नाही. मागचं झाकण फिरेना. शेवटी पकड लावून उघडलं तर दोन सेल सरकन बाहेर आले आणि तिसरा आत घट्ट बसलेला, झाकणातल्या स्प्रिंगवर पांढरट हिरवट खडे, आणि बोट लावल्याबरोबर स्प्रिंग पापडासारखी तुटली. सेल गेल्या पावसाळ्यातले. वर्षभरात टॉर्च वापरला असेल एकूण अर्धा तास.

हेच लोकांना पटत नाही. वापरलाच नाही तर खराब कसा झाला? अहो, न वापरल्यामुळेच लक्ष गेलं नाही. रोज हातात असलेल्या वस्तूचा सेल उतरला की आपण लगेच बदलतो, पाझरतो तो विसरलेला सेल.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. दुकानात मिळणारा स्वस्तातला सेल, ज्याच्यावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असतं, तो कार्बन-झिंकचा. त्यात बाहेरचा डबा जस्ताचा असतो आणि वीज तयार होताना तेच जस्त खर्च होतं, म्हणजे दूध तापवता तापवता पातेलंच झिजत जावं तसला प्रकार. सेल उतरत आला की डबा कुठेतरी पातळ होऊन भोक पडतं आणि आतलं आंबट चिकट पाणी बाहेर येतं. अल्कलाइन सेलचा डबा पोलादी असतो, तो असा झिजत नाही, पण आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं आणि हळूहळू हायड्रोजन गॅस साठत जातो, खासकरून सेल पूर्ण उतरल्यावर. दाब वाढून सेल फुटू नये म्हणून सीलमध्ये मुद्दाम एक कमकुवत जागा ठेवलेली असते, ती उघडते आणि गॅसबरोबर आतला क्षारही बाहेर. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरी भुकटी बनते. त्यामुळे महागातला अल्कलाइन घातलाय म्हणून निर्धास्त राहू नका, सेल कमी खाणाऱ्या आणि विसरलेल्या वस्तूत तोही तितकाच घात करतो.

आता घरातले खरे गुन्हेगार. पहिला नंबर एसीच्या रिमोटचा. जूनमध्ये एसी बंद होतो तो थेट फेब्रुवारी-मार्चला चालू होतो, पण रिमोटवरचा आकडा मात्र बाराही महिने दिसत असतो, म्हणजे तो थोडा थोडा करंट खातच असतो. मार्चमध्ये उघडाल तेव्हा स्प्रिंग गंजलेली. एसी बंद केला त्याच दिवशी दोन्ही सेल काढा आणि रिमोटलाच रबरबँडने बांधून ठेवा, ड्रॉवरमध्ये नको, ड्रॉवरमध्ये ठेवलेला सेल पुन्हा कधी सापडत नाही.

दुसरा गॅस गीझर. याकडे कुणाचंच लक्ष नसतं. खाली छोट्या डब्यात दोन जाडे सेल असतात, नळ सोडला की टिकटिकटिक करून ठिणगी पडते ती त्यांच्यावर. बाथरूममधली वाफ, उष्णता, त्यात आपण उन्हाळाभर गीझर बंद ठेवतो. आमच्याकडे टिकटिक हळू झाली होती, एकेक ठिणगी सावकाश पडायची, मी म्हटलं चालतंय ना, चालू द्या, दोन महिन्यांनी डबा ओढला तर बाहेरच येईना, आणि आला तेव्हा खालून तपकिरी पाणी गळलं. टिकटिक मंदावली की त्याच आठवड्यात दोन्ही सेल बदला, आणि उन्हाळ्यात गीझर बंद ठेवणार असाल तर काढूनच ठेवा. (गॅस गीझर बंद बाथरूममध्ये वापरू नका, खिडकी उघडी हवी, तो जिवाचा विषय आहे आणि इथला नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

मग भिंतीवरचं घड्याळ, बंद पडलं की लोक ते तसंच टांगून ठेवतात, निदान सेल तरी काढा. बीपीचं मशीन, वजनाचा काटा, पोरांची खेळणी, गणपतीच्या मखरातल्या सेलवाल्या लाइटच्या माळा. माळा तर अनंत चतुर्दशीनंतर सेलसकट माळ्यावर जातात आणि पुढच्या भाद्रपदात उघडल्यावर बोंबाबोंब.

सवयींबद्दल दोन गोष्टी. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, तीन सेलच्या टॉर्चमध्ये तर अजिबात नको. जुना आधी रिकामा होतो, पण बाकीचे दोघं त्याच्यातूनच करंट ढकलत राहतात, तो उलटा चार्ज होतो, आत गॅस होतो आणि तोच पाझरतो. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच जातीचे. कार्बन-झिंक आणि अल्कलाइन मिसळणं म्हणजे तोच प्रकार.

आणि दुसरी, उन्हात ठेवणं. आमची आजी रेडिओचे सेल उतरले की पत्र्यावर वाळत घालायची, कुरडयांच्या शेजारी. मग संध्याकाळी रेडिओ खरंच थोडा वेळ वाजायचा, कारण उष्णतेनं आतली क्रिया जरा जोरात होते. पण तोपर्यंत जस्ताचा डबा झिजून पातळ झालेला असतो, म्हणजे तुम्ही फुटायला आलेल्या सेलला शेवटचा धक्का देताय. दातानं चावणं, दगडानं ठोकणं यानंही तेच होतं. फ्रीजमध्ये ठेवायचीही गरज नाही, बाहेर काढल्यावर दमट हवेत त्याच्यावर पाणी धरतं. कोरडी, सावलीतली जागा पुरे. गाडीच्या डिकीत टॉर्च ठेवत असाल तर एप्रिल-मेमध्ये सेल बाहेर.

सेल उतरलाय की नाही हे कसं ओळखायचं? मल्टिमीटर असेल तर नवा दीड व्होल्ट किंवा थोडा जास्त दाखवतो, आणि नुसता ठेवलेला असताना १.२ च्या खाली आला की त्याच्यावर माया करू नका. काही जण अल्कलाइन सेल टेबलावर उभा आपटून बघतात, उडाला तर संपला म्हणतात. २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं होतं, सेल निम्मा वापरला जाईपर्यंतच त्याची उसळी पूर्ण वाढलेली असते. म्हणजे उडाला तर तो नवा नाही एवढंच कळतं.

आता मोठा प्रश्न, लाइट गेल्यावर लागणाऱ्या टॉर्चचं काय? त्यातले सेल काढून ठेवले तर अंधारात शोधायचे कसे, असं वडील म्हणायचे आणि बरोबरच आहे. जुन्या सरकत्या बटणाच्या टॉर्चमध्ये बंद असताना सर्किट तुटलेलंच असतं, तिथे सेल वयामुळे पाझरतो, म्हणून सेल घालतानाच त्याच्यावर मार्करनं महिना-साल लिहा आणि वर्षानं कसे का असेनात बदला. नवीन अॅल्युमिनियमच्या एलईडी टॉर्चचं बटण मात्र बरेचदा इलेक्ट्रॉनिक असतं, ते बंद असतानाही किंचित खातं. पुष्कळ टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव आटा सैल केलं की सर्किट तुटतं, बटण दाबून बघा, लागला नाही म्हणजे काम झालं. ट्रेकला सॅकमध्ये चुकून चालू होत नाही हा वर फायदा. नाहीतर स्प्रिंग आणि सेलच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी, खेळण्यात नवीन असताना असते तशी. एक सेल उलटा घालून ठेवा असाही सल्ला लोक देतात, मी देणार नाही, कुणीतरी न बघता बटण दाबतं आणि एखाद्या टॉर्चचं सर्किट जळतं.

खर्च करायची तयारी असेल तर अशा टॉर्चमध्ये लिथियमचे दीड व्होल्टचे पेन्सिल सेल घाला, ते क्वचितच पाझरतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. रोजच्या वापराला चांगले रिचार्जेबल निकेलवाले, तेही पाझरण्यात बरेच सभ्य. घड्याळाला मात्र साधा कार्बन-झिंकच पुरतो, फक्त वर्षानं बदला.

लक्षात कसं ठेवायचं? मोबाइलचा रिमाइंडर आपण स्वाइप करून टाकतो. मी खंडेनवमी धरली. त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुसायला निघतातच, पकड, पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर पाटावर येतात, त्यांच्याबरोबर टॉर्च, रिमोट, बीपीचं मशीन सगळं उघडून बघायचं. दुसरी फेरी गुढीपाडव्याला, साधारण सहा महिन्यांनी, म्हणजे पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

आणि पाझरलाच तर. हातात ग्लोव्हज नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी घाला, तोंड लांब ठेवा, फुंकर मारू नका, ती भुकटी डोळ्यात गेली तर वाईट. गेलीच तर वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. सेल काढल्यावर त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा, कारण इंटरनेटवर सगळे व्हिनेगर व्हिनेगर करतात पण ते अल्कलाइनसाठी. पांढरी भुकटी क्षाराची असते, म्हणून इअरबड व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवून निथळून लावा, फसफसेल, फसफस थांबेपर्यंत एकेक इअरबड बदलत जा. हेवी ड्यूटी सेलचं पाणी मुळात आंबट, त्याच्यावर अजून आंबट घालून काय होणार, तिथे चिमूटभर खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. दोन्हीकडे शेवटी साध्या ओल्या इअरबडनं पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं, एक रात्र. वस्तूत काहीही ओतायचं नाही. गंज राहिला तर बारीक पॉलिश पेपर स्प्रिंगवर आणि पत्रीवर हलकेच फिरवा, वरचा मुलामा गेलेला असतो म्हणून पुन्हा गंजू नये यासाठी व्हॅसलीनचा अगदी पुसट हात.

सेल अडकला असेल तर धीर धरा. अॅल्युमिनियमच्या नळीत अल्कलाइन पाझरला की तो क्षार अॅल्युमिनियमच खातो आणि सेल सिमेंटमध्ये बसल्यासारखा बसतो. एरवी आत काही ओतायचं नाही, पण इथे नळीच्या दोन्ही बाजू उघडता आल्या तर थोडं व्हिनेगर आत सोडून दोन-तीन तास ठेवा, मग टॉर्च लाकडी पाटावर आपटा, नाहीतर पुढून झाडूच्या काठीनं ढकला. ड्रिल मारू नका, गॅसवर तापवू नका, आत दाब असू शकतो.

काढलेले सेल ओल्या कचऱ्यात नकोत. आमच्याकडे ते जुन्या श्रीखंडाच्या डब्यात साठतात आणि ई-कचरा गोळा करणारे आले की जातात. बटण सेल असतील तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते, लगेच हॉस्पिटल गाठा.

वडिलांच्या टॉर्चला दुसऱ्या एका मोडक्या टॉर्चची स्प्रिंग बसवली, जरा आखूड होती म्हणून खाली घडी घातलेली पत्री. अजून त्याच खिळ्याला आहे. सेलवर त्यांच्या अक्षरात महिना लिहिलेला असतो, फक्त मराठी महिना, ‘आश्विन’.