फोटोग्राफी शिकताना या चुका टाळा: बिघडलेला फोटो लगेच डिलीट करू नका

नवा कॅमेरा हातात आला की पहिल्या आठवड्यात पाचसहाशे फोटो सहज निघतात. जमलेले ठेवले जातात, फसलेले तिथल्या तिथे उडवले जातात. नवशिक्याला सगळ्यात महागात पडणारी चूक मला हीच वाटते. फोटो का बिघडला याचं उत्तर त्या बिघडलेल्या फोटोतच असतं. तो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहा आणि सोबत त्याची माहिती उघडा. शटर स्पीड (पडदा सेकंदाचा कितवा भाग उघडा राहिला), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला) आणि फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ ओढते, मिमीमध्ये) हे चार आकडे कॅमेऱ्याने फाईलमध्ये लिहूनच ठेवलेले असतात. फोटो आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहिलं, की बहुतेक चुकांची कारणं सापडतात.

फोटो धूसर आलाय, पण कुठल्या प्रकारे?

नवशिक्यांची सर्वात मोठी तक्रार हीच असते आणि सगळे जण लेन्सला दोष देऊन मोकळे होतात. मीही दिला होता. माझी भाची झोपाळ्यावर बसली होती, संध्याकाळचा उजेड होता. तीसचाळीस फोटो काढले, एकाही फोटोत चेहरा स्पष्ट नाही. घरी येऊन एक फोटो मोठा केला. झोपाळ्याच्या साखळ्या वरच्या टोकाला, जिथे त्या दांड्याला अडकवल्या होत्या, तिथे अगदी कोरीव दिसत होत्या. नजर खाली नेली तशा त्या फिसकटत गेल्या, आणि भाचीच्या पावलांचे तर नुसते पट्टे उमटले होते. म्हणजे लेन्स चांगली होती, माझा हातही हलला नव्हता. हलत होती ती भाची, आणि शटर स्पीड होता १/४०.

तेव्हा आधी फोटोत काय स्पष्ट आहे ते शोधा. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, दिव्यांचे ठिपके एकसारख्या रेघा झाले असतील, तर कॅमेरा हलला आहे. यावर जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे: शटर स्पीड फोकल लेंग्थच्या आकड्याखाली जाऊ देऊ नका. ५० मिमी असेल तर १/५०, २०० मिमी असेल तर १/२००. सेन्सर (उजेड टिपणारी चकती) एपीएस-सी आकाराचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, असेल तर आकडा दीडपट धरा, म्हणजे २०० मिमीला १/३००. कोपरं अंगाशी घट्ट धरली आणि बटण दाबताना झटका दिला नाही, तर यापेक्षा थोडा कमी स्पीडही निभावतो.

मागची भिंत स्पष्ट आणि माणूस फिसकटलेला असेल, तर माणूस हलला आहे. इथे स्टॅबिलायझेशन कामाचं नाही. ते फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याला थांबवत नाही. चालणाऱ्या माणसाला साधारण १/२५०, पळणाऱ्या मुलांना १/५०० आणि उडत्या पक्ष्यांना १/१००० किंवा त्याहून जास्त लागतो. आणखी एक युक्ती मला त्या झोपाळ्यानेच शिकवली: झोका दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो आणि मग परततो. बटण त्या क्षणी दाबलं, तर कमी उजेडातही चेहरा स्पष्ट येतो. उडी मारणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे, वर पोहोचल्यावर तोही निमिषभर थांबलेला असतो.

तिसरा प्रकार फसवा आहे. फोटोत काहीतरी लख्ख स्पष्ट असतं, पण ते चुकीचं असतं. डोळे मऊ आणि कान टोकदार, किंवा माणसापेक्षा मागचं झाड जास्त स्पष्ट. हा फोकसचा घोळ. फोकस कुठे करायचा ते कॅमेऱ्यावर सोडलं, की तो बऱ्याचदा सगळ्यात जवळची किंवा सगळ्यात ठळक वस्तू पकडतो. एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा. ५० मिमी लेन्सवर एफ/१.८ (हा ॲपर्चरचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं) लावून एक मीटरवरून चेहरा टिपला, तर जेमतेम तीनचार सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर यापेक्षा कितीतरी जास्त असतं. मागचं धूसर व्हावं म्हणून नवशिके ॲपर्चर पूर्ण उघडतात, आणि मग चेहऱ्यातलंच अर्धं हरवतं. एफ/४ वर या. माणसाला पार्श्वभूमीपासून चार पावलं पुढे उभं केलंत तर मागचं तरीही मऊच येईल.

आणि फोटोभर धुक्याचा पडदा पसरल्यासारखा दिसत असेल, तर लेन्सवर बोटाचा ठसा आहे. मोबाईलमध्ये हे हमखास होतं. आधी धूळ फुंकणीने उडवा, मग मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा.

आयएसओ वाढवायला घाबरू नका

‘आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो’ हे वाक्य कुठेतरी कानावर पडतं आणि डोक्यात घट्ट बसतं. मग अंधाऱ्या खोलीतही आयएसओ १०० आणि शटर १/१५. फोटोत दाणे (ठिपक्यांचा खरखरीतपणा) नसतात, पण फोटो हललेला असतो. आयएसओ १०० वरून १६०० वर नेला, की तेवढ्याच उजेडात १/१५ च्या जागी १/२५० मिळतो. दाणे नंतर बरेच कमी करता येतात. हललेला चेहरा पुन्हा कोरीव करणं मात्र जवळपास अशक्य आहे.

पांढरं राखाडी का येतं, माणूस काळा का पडतो?

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा शर्ट दिसला की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळपट करतो. काळ्या मांजरीपुढे उलटं होतं, तो उजेड वाढवतो आणि मांजर राखाडी येते. उपाय एक्सपोजर कॉम्पेन्सेशनमध्ये, म्हणजे फोटो मीटरपेक्षा उजळ किंवा गडद करायच्या अधिक-उणे सोयीत, आहे: पांढऱ्याला अधिक एक, काळ्याला उणे एक, असं करून पाहा. खिडकीपुढे उभ्या माणसाला अधिक दोनपर्यंतही जावं लागतं. त्यापेक्षा मी त्याला वळायलाच सांगतो. खिडकी बाजूला आली, की तोच उजेड चेहऱ्यावर येतो आणि गालाची गोलाई दिसू लागते. काम झालं की कॉम्पेन्सेशन शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे सगळे फोटो त्या जुन्या आकड्यावर निघतात.

फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून एक्सपोजर ठरवू नका. रात्री तोच पडदा झगझगीत दिसतो, उन्हात काळा. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, पाहा. आलेख उजव्या कडेला चिकटलेला असेल, तर तिथला तपशील पांढरा पडून गेला आहे. रॉ फाईलमध्ये (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) सावरायला जास्त वाव असतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. तरीही पूर्ण पांढरं पडलेलं रॉमधूनही परत येत नाही.

पहिल्याच दिवशी मॅन्युअल मोडचा, म्हणजे सगळे आकडे स्वतःच ठरवायचा, अट्टहासही नको. ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर तुम्ही, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि शटर स्पीडची खालची मर्यादा ठरवून द्या. आकड्यांतली झटापट कमी झाली, की नजर उजेडाकडे आणि चेहऱ्यांकडे जाते. शिकायचं आहे ते तिथे.

चौकटीच्या कडा आणि पावलं

डोक्यातून उगवलेला खांब फोटो काढताना दिसत नाही, कारण आपण फक्त चेहरा पाहत असतो. बटण दाबण्याआधी चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवायची सवय लावा. चेहऱ्यात नाक मोठं आलं तर दोष अंतराचा असतो. आपण फार जवळ गेलेलो असतो. दोन मीटर मागे जा आणि मग झूम करा.

फोटो नीट येत नाहीत म्हणून नवी लेन्स घेण्याचा विचार निदान काही महिने लांबवा. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम एका ५० मिमी लेन्सवर केलं. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३५ मिमीला ठेवली, की दृश्य जवळपास तेवढंच दिसतं. झूमच्या कड्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि महिनाभर फक्त पायांनी पुढेमागे व्हा.

कार्डाबद्दल थोडं

आधी फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या, मगच कार्ड रिकामं करा, आणि तेही कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करून. चुकून फोटो उडालेच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. उडवलेली फाईल बऱ्याचदा नवी फाईल तिच्या जागी लिहिली जाईपर्यंत कार्डावर पडून असते आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू शकते. कार्ड बाहेर काढा, बाजूला ठेवा, आणि दुसरं घाला.