पडवीतून पाच वॅट: वायर चढवण्याआधी काय काय बघायचं

हे हॅम रेडिओचं, म्हणजे घरून रेडिओवर हौशीने गप्पा मारायचं, तेही पाच वॅटच्या कमी ताकदीवर. पहिलं लायसन्स. डब्ल्यूपीसीचं (केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) लायसन्स आणि कॉलसाईन (हवेवरची आपली ओळख) हातात येईस्तोवर रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा सेट, घ्यायची घाई नको, साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर कान तयार करा.

मग जागा, आणि खरी गोची तिथेच. ४० मीटर बँडला (साधारण ४० मीटर लांबीच्या लहरींचा पट्टा) हाफ वेव्ह डायपोल, अर्ध्या लहरीएवढी वायरची अँटेना, म्हणजे साधारण २० मीटर वायर, आणि इकडे गडग्यापलीकडे लगेच शेजाऱ्याचं खळं, सरळ एवढी लांबी मिळणार कुठून, म्हणून मधला भाग कौलांच्या वर बांबूवर चढवायचा न् दोन्ही बाजू खाली उतरत्या न्यायच्या, इन्व्हर्टेड व्ही. टोकं मात्र पोरांच्या हाताला लागणार नाहीत एवढी वर हवीत, व्होल्टेज तिथेच जास्त असतं. कौलं चालतात, पत्र्याच्या शेडपासून लांब रहा. उंची पाच-सहा मीटरच मिळतेय? मिळूदे, तेवढ्या खालची वायर सिग्नल आभाळाकडे फेकते आणि दिवसा तो पुणे, बेळगाव असा जवळपास उतरतो, गप्पांना तेच हवं. अगदीच जागा नसेल तर २० मीटर बँड, त्याला १० मीटर वायर पुरते.

माडाला बांधणार असाल तर ताणून बांधू नका, वाऱ्यात माड डोलला की वायर तुटलीच समजा. दोरी पुलीवरून घ्या आणि टोकाला वाळू भरलेली बाटली लटकवा, झाड हललं की बाटली वरखाली होते, वायरला काही होत नाही. खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट बघता बघता गंजतात, स्टेनलेसच घ्या, कनेक्टरवर सेल्फ अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) गुंडाळा, आणि कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, खिडकीतून आत घ्यायच्या आधी खाली एक झोल सोडा म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच टपकतं.

बॅटरी १२ व्होल्टची, यूपीएसमधली ७ एएचवाली (अँपिअर-तास) सुरुवातीला बास. ती रिगला जोडली की घराचा मेन स्विच पाडून बँड ऐका, मग एकेक एमसीबी चढवत जा, खरखर कुठला एलईडी बल्ब नाहीतर चार्जर करतोय ते लगेच कळतं. (लाईट गेल्यावर खूश होणारे गावात आपणच!)

वळवाचा गडगडाट ऐकू आला की कोॲक्स काढून टोक घराबाहेर, ‘अजून लांब आहे’ वगैरे काही नाही.

लॉगसाठी, म्हणजे कुणाशी कधी बोललो त्या नोंदीसाठी, एक घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ) लावा, आपल्या साडेपाच तास मागे, आणि घरात सांगून ठेवा, नाहीतर आई ते बरोबर करून ठेवते.