पहिला बॅटमॅन खेळायचाय? आधी भिंत गाठा

बॅटमॅनवर निघालेला हा पहिलाच कम्प्युटर गेम. जॉन रिटमननं प्रोग्रॅम लिहिला, बर्नी ड्रमंडनं चित्रं काढली आणि ओशन कंपनीनं १९८६ मध्ये तो झेडएक्स स्पेक्ट्रम, अ‍ॅम्स्ट्रॅड आणि एमएसएक्स या त्या काळच्या घरगुती कम्प्युटर्ससाठी बाजारात आणला. रॉबिन अडकलाय, आणि बॅटक्राफ्टचे, म्हणजे बॅटमॅनच्या हॉवरक्राफ्टचे, विखुरलेले ७ भाग गोळा केल्याशिवाय त्याची सुटका नाही. हाणामारी शून्य. हातात हत्यारच नसतं, त्यामुळे शत्रू दिसला की सरळ चुकवायचा.

इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुना कम्प्युटर आजच्या कम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गेमच्या टेपची फाइल उघडा, वेगानं लोड करण्याचा पर्याय चालू करा. (ज्यांच्या घरी डेसिबेल्स या भारतीय कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम+ होता त्यांना कॅसेटवरून गेम लोड होतानाची ती किंचाळी ऐकायची असेल, तर खुशाल ऐका.)

मेनूत बटणं आपल्या मनाची लावता येतात. जॉयस्टिकच्या नादी लागू नका. खोली कोपऱ्यातून पाहिल्यासारखी तिरपी दिसते, बॅटमॅनही तिरपाच चालतो. म्हणून बटणांचा चौकोन करा: क्यू म्हणजे वर-डावीकडे, डब्ल्यू वर-उजवीकडे, ए खाली-डावीकडे, एस खाली-उजवीकडे. दहा मिनिटांत बोटं सरावतात. ‘बाणांची बटणं वापरा’ असं सांगणाऱ्यानं हा गेम दोन खोल्यांपुढे नेलेला नसतो.

सुरुवातीला बॅटमॅनला उडीसुद्धा मारता येत नाही. ४ वस्तू शोधा. बूट मिळाले की उडी, पिशवी मिळाली की सामान उचलणं. थ्रस्टरमुळे हवेत असताना दिशा सावरता येते आणि पट्ट्यामुळे पडण्याचा वेग कमी होतो. बूट सगळ्यात आधी, हे वेगळं सांगायला नको. पण थ्रस्टर आणि पट्टा हाती येईपर्यंत लांब उडीच्या वाटेला जाऊ नका.

आता उडीचं बोलू. मी स्वतः इथे कित्येक आठवडे घालवलेत.

खोली तिरपी काढली की एक फसवणूक आपोआप होते. लांबचा, जमिनीवरचा ठोकळा आणि जवळचा, हवेत तरंगणारा ठोकळा पडद्यावर नेमके एकाच जागी दिसू शकतात. सावली नाही, त्यामुळे खालचा अंदाज येत नाही. त्यात स्पेक्ट्रमवर ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग बसतात. रंगांची सरमिसळ टाळायला अख्खी खोली एकाच रंगात रंगवलेली असते, म्हणजे रंगावरूनही काही कळत नाही. मी ठोकळा समोर समजून उडी मारायचो आणि बॅटमॅन त्याच्या मागच्या काट्यांवर पडायचा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. ‘सराव करा, जमेल’ हा सल्ला मला तेव्हाही मिळाला होता. चुकीच्या अंदाजाचा सराव केला की चूक पक्की होते, एवढंच.

सुटका भिंतीनं केली. मागच्या दोन भिंतींपैकी एकीला बॅटमॅन भिडवा, पुढे सरकेनासा होईपर्यंत. आता त्या दिशेनं तो कुठे आहे हे शंभर टक्के ठाऊक झालं. मग भिंतीच्या कडेकडेनं सरका आणि उडी फक्त त्या एकाच रेषेत मारा. दोन्ही दिशांचा अंदाज एकाच वेळी बांधायला गेलात की मेलात. ठोकळा खोलीच्या मध्यावर असेल तर भिंतीपासून मोजून बाहेर या: दाराची चौकट, दुसरा ठोकळा, काहीही खूण चालेल. ही मोजणी कागदावर लिहा. मी वहीच केली होती, चौकोनी रेघांची.

दुसरी खूण झाकाझाकीची. ठोकळ्यानं बॅटमॅनचा पाय झाकला तर तो ठोकळ्याच्या मागे आहे, बॅटमॅननं ठोकळा झाकला तर पुढे. नजर पायांवर ठेवा. कानांची टोकं आणि केप बघत बसलात तर फसाल, ड्रमंडनं चित्रं देखणी काढलीयेत म्हणून जास्तच.

तिसरी, जरा धोक्याची: ठोकळा डोक्यावर तरंगतोय की मागे जमिनीवर आहे हे ठरत नसेल, तर जागच्या जागी उडी मारा. डोकं आपटलं तर वर आहे. अर्थात वर असलेली चीज आधी ओळखा. काटेरी काही असेल तर ही परीक्षा पहिली आणि शेवटची ठरेल.

आणि हो, इम्युलेटरमध्ये दर पावलाला गेम साठवत बसू नका. त्यानं खोली ओलांडली जाते, पण खोली कळत नाही, आणि अशीच दुसरी समोर आली की पुन्हा शून्यापासून. गेममध्येच बॅटस्टोन ठेवलेत. त्याला हात लावला की सगळे जीव संपल्यावरही तिथून पुढे खेळता येतं. तेवढं पुरतं.

बाकी खोल्या चुकतमाकत सुटतात. सामान एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायचं, त्यावर चढायचं, पलीकडे जायचं. कोणत्या दारातून कुठे निघतो तेवढं त्या वहीत टिपा.

हा संपला की रिटमन-ड्रमंड याच जोडीचा १९८७चा हेड ओव्हर हील्स घ्या. भिंतीची युक्ती तिथेही चालते, पण तिथे दोन पात्रं आहेत, तेव्हा वही जाडजूड घ्या.