ब्रिटनमध्ये बेनिफिट फ्रॉडवर पाळत ठेवायची नोकरी: काम नेमकं कसं करायचं

हेरगिरी, गॉगल, पेपरला पाडलेलं भोक वगैरे आधी डोक्यातून काढून टाका. ब्रिटनमध्ये सरकारी भत्ते देणारं खातं म्हणजे डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स, सगळे डीडब्ल्यूपीच म्हणतात, त्यांच्याकडे फ्रॉड शोधायला लपून पाळत ठेवणारी माणसं असतात आणि त्यांचा बराचसा दिवस गाडीत बसून एका बंद दाराकडे बघण्यात जातो. दार उघडलं तर लिहायचं, नाही उघडलं तरी लिहायचं. लिहायचा ज्याला कंटाळा आहे त्याने दुसरी नोकरी बघावी.

आपल्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, इंडियन पासपोर्टवर जमतं का? सिव्हिल सर्व्हिसच्या नियमात कॉमनवेल्थ देशांचे नागरिक बसतात, म्हणजे आपण पण, फक्त यूकेमध्ये काम करायचा हक्क हवा आणि ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव असलेल्या काही पोस्ट सोडून द्यायच्या. जाहिराती सिव्हिल सर्व्हिस जॉब्स या सरकारी वेबसाइटवर येतात. ड्रायव्हिंग चांगलं पाहिजे, पहाटे आणि वीकेंडला काम करायची तयारी पाहिजे, आणि घरी "आज काय केलंस" विचारलं तर "ऑफिस" एवढंच सांगून गप्प बसता आलं पाहिजे. पूर्वी हाउसिंग बेनिफिटचे, म्हणजे घरभाड्याच्या भत्त्याचे फ्रॉड कौन्सिलवाले, म्हणजे तिथले नगरपालिकावाले शोधायचे, २०१४ ते २०१६ मध्ये ते काम आणि त्यातली बरीच माणसं डीडब्ल्यूपीकडे गेली. कौन्सिलकडे आता कौन्सिल टॅक्सची सूट, ब्लू बॅजचा, म्हणजे अपंगांच्या पार्किंग परवान्याचा गैरवापर, कौन्सिलचं घर परस्पर भाड्याने देणं असले विषय उरलेत, त्यामुळे नोकरी शोधताना तिकडेही नजर ठेवा.

आता कायदा, आणि हे नीट वाचा कारण नव्या माणसाला वाटतं की रस्ता सार्वजनिक आहे मग मी उभा राहून बघितलं तर कोणाचं काय जातं. तुमचं आमचं जात नाही हो, पण तुम्ही सरकार आहात. सरकारने एका ठराविक तपासासाठी, लपून, एखाद्याची खासगी माहिती मिळेल अशा पद्धतीने पाळत ठेवली की ती डायरेक्टेड सर्व्हेलन्स होते आणि त्याला २००० सालचा रिपा, म्हणजे रेग्युलेशन ऑफ इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट हा कायदा लागतो. मागे १९९८ चा ह्युमन राइट्स ॲक्ट आहेच. परवानगी लेखी घ्यायची, तपासाशी संबंध नसलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडून, ती तीन महिने चालते, मध्येमध्ये तपासून बघायची, आणि गरज संपली की त्याच दिवशी रद्द करायची, तीन महिने संपायची वाट बघत बसायचं नाही. कौन्सिलला २०१२ पासून वर मॅजिस्ट्रेटची मंजुरीपण लागते. घराच्या आत किंवा खासगी गाडीच्या आत काय चाललंय ते बघणं ऐकणं ही वेगळी कॅटेगरी आहे आणि ती तुमच्या हातात नाही, विषय संपला.

अर्जात दोन प्रश्नांवर सगळं अडतं. हे करणं गरजेचं आहे का, आणि प्रमाणात आहे का. म्हणजे साध्या मार्गाने कळत असेल तर पाळत ठेवायची नाही. पगारी नोकरीची माहिती एम्प्लॉयर दर पगाराला टॅक्स खात्याला कळवतो आणि तिथून ती डीडब्ल्यूपीला दिसते, मग वेअरहाउसच्या गेटवर बसून काय मिळवणार? पाळत लागते ती रोख पैशाच्या कामाला, एकटे राहतो सांगून लपवलेल्या पार्टनरला आणि चालता येत नाही म्हणणाऱ्याला. पूल नावाच्या कौन्सिलने २००८ मध्ये एका कुटुंबावर जवळपास तीन आठवडे पाळत ठेवली होती, कशासाठी, तर ते शाळेच्या हद्दीत खरंच राहतात का बघायला, आणि २०१० मध्ये ट्रिब्युनलने ते बेकायदा ठरवलं. अर्ज लिहिताना ही केस डोक्यात असू द्या.

फोनवरून फेसबुक बघणंसुद्धा यात येतं. एकदा उघडं प्रोफाइल बघितलं तर ठीक, पण रोज उठून तेच प्रोफाइल चाळायला लागलात तर तीपण पाळतच, परवानगी लागणार. खोट्या नावाने फ्रेंड रिक्वेस्ट तर विसराच. खोटी ओळख सांगून कोणाशी नातं जोडलं आणि त्यातून गुपचूप माहिती काढली की तुम्ही कायद्याच्या भाषेत खबरी होता, त्याची परवानगी वेगळी आणि कटकट पण वेगळी. शेजारणीशी गप्पा मारून काढू म्हणणारे हुशार लोक असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

मैदानात उतरायच्या आधी एक चक्कर मारून या. घराला मागचं दार आहे का, गल्ली पुढे बंद होते का, वनवे कुठे आहेत, शाळा सुटायची वेळ काय, कारण तीनच्या सुमारास शाळेजवळ गाडीत एकटाच माणूस बसलाय हे कुठल्याच आईला आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. बंद गल्लीत बसूच नका, पडद्याआडून बघणाऱ्या आजी तुमच्यापेक्षा चांगली पाळत ठेवतात आणि पोलिसांना फोन करतात, म्हणून पोलिसांच्या कंट्रोल रूमला आधी कळवून ठेवलेलं बरं. गाडी कोणाच्या लक्षात राहणार नाही अशी, पेट्रोल भरलेलं, इंजिन बंद. हिवाळ्यात काचेवर वाफ धरते आणि पुसत बसलात की आत माणूस आहे हे अख्ख्या गल्लीला कळतं. एकटे असाल तर कधी कधी डाव्या सीटवर बसा, तिकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे डावीकडचा माणूस कोणाची तरी वाट बघतोय असं वाटतं. खाणं बरोबर, चहा कमी. टॉयलेटचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा, जास्त सांगायला लावू नका.

आणि हे कोणी उघड बोलत नाही पण आपल्या रंगाचा विचार करायला लागतो. लेस्टरला किंवा हॅरोला तुम्ही गर्दीत विरघळून जाल, पण लिंकनशरच्या एखाद्या खेड्यात दोन फेऱ्यांत तुम्ही लोकांच्या लक्षात राहणार. टीम लीडरने माणसं निवडताना हे बघावं, नाही बघितलं तर तुम्ही सांगा, लाजू नका. उलटी बाजू पण आहे, जिथे आपण विरघळतो तिथेच ओळखीचं निघायची भीती जास्त. महाराष्ट्र मंडळ लंडनच्या गणपतीत ज्यांच्या शेजारी बसून जेवलात तेच फाइलमध्ये निघाले तर त्याच क्षणी वर कळवायचं आणि बाजूला व्हायचं. "मी फक्त तोंडओळखीने ओळखतो" वगैरे चालत नाही.

माग काढताना ज्याला माणूस दिसतोय त्याला आयबॉल म्हणतात, तोच रेडिओवर बोलतो, बाकीचे गप्प. मागचा त्याला बॅकअप, आणि थोड्या वेळाने जागा बदलायची म्हणजे एकच चेहरा मागे दिसत नाही. माणूस हरवला तर हरवला, सिग्नल तोडून गाडी पळवायची नाही, तुमच्याकडे निळा दिवा नाहीये. ही खुनाची केस नाही, उद्या परत येता येतं.

आता नोंद. माझ्या मते नोकरीचा निम्मा भाग हाच आहे. लॉग त्याच वेळी लिहायचा, संध्याकाळी आठवून नाही, आणि ज्याने जे बघितलं त्याने त्याच्यापुढे सही करायची. खाडाखोड नाही, पान फाडायचं नाही, मध्ये रिकामी जागा सोडायची नाही, एकावर एक गिरवायचं नाही, दोन ओळींच्या मध्ये घुसवायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला इनिशियल. आपल्याकडचा पंचनामा बघितलाय ना, पंच नंतर सही करून जातात तसलं काही इथे टिकत नाही, बचावाचा वकील एकेक मिनिट धरून विचारतो.

ओळख पटवायला १९७६ च्या टर्नबुल केसमधून आलेली यादी पाठ करतात, अ‍ॅडव्होकेट या इंग्रजी शब्दाच्या अक्षरांवरून, सीच्या जागी के धरून. किती वेळ दिसला, किती अंतरावरून, उजेड कसा होता, मध्ये काही आडवं आलं का, आधी बघितलेला होता का, लक्षात राहायचं काही कारण, बघितल्यापासून किती वेळ गेला, आणि वर्णनात फरक पडला का. "सबजेक्ट घराबाहेर आला" असं लिहू नका. "६.४२, साधारण ३० मीटर, रस्त्यावरचा दिवा चालू, पांढरी व्हॅन निघून जाईपर्यंत दोन सेकंद दिसला नाही" असं लिहा. आणि मत लिहू नका. "लंगडत नव्हता" हे पण मतच आहे, काय दिसलं ते लिहा, कुठला पाय, हातात काय, किती पावलं, मध्ये कुठे थांबला.

हे पिप नावाच्या भत्त्यात, म्हणजे आजारपण किंवा अपंगत्वासाठीच्या भत्त्यात, सगळ्यात जास्त महत्त्वाचं. पिप नोकरी करणाऱ्यालाही मिळतो, त्यामुळे "कामाला जाताना दिसला" याने काही सिद्ध होत नाही. त्याचा निकष असा की अर्ध्याहून जास्त दिवस ती गोष्ट सुरक्षितपणे, परत परत, वाजवी वेळात करता येते का. २० मीटरच्या पुढे चालता येत नाही म्हणणारा माणूस एका मंगळवारी टेस्कोच्या पार्किंगमध्ये ६० मीटर चालला तर तो एक मंगळवार आहे. दुसऱ्या दिवशी तो दिवसभर बाहेर पडलाच नाही हे पण लॉगमध्ये आलं पाहिजे, आणि चालून आल्यावर गाडीला टेकून पाच मिनिटं उभा होता हे तर आलंच पाहिजे. कॅमेरा तिथे बंद करायचा नाही. १९९६ च्या कायद्याखालचे तपासाचे नियम स्पष्ट सांगतात की संशयिताच्या बाजूने जाणारी दिशाही शोधायची, आणि बचावाला मदत होईल असं काही हाती असलं तर ते त्यांना द्यावंच लागतं. तुम्ही ते टिपलंच नसेल तर द्याल काय? मला विचाराल तर चांगला ऑफिसर ओळखायचा तो इथेच.

पार्टनरच्या केसमध्ये लोकांचा एक लाडका गैरसमज असतो की आठवड्यात तीन रात्री राहिला की नवरा. असा नियमच नाहीये. एकच घर आहे का, पैसे एकत्र आहेत का, मुलं, लोकांपुढे जोडपं म्हणून वावरतात का, असं सगळं मिळून बघतात. पहाटे सहाला त्याची गाडी दारात आणि तो स्वतःच्या किल्लीने दार उघडून कामाला निघाला हे बऱ्याच दिवशी दिसलं तर एका मुद्द्याला आधार मिळतो, बाकी बँकेच्या नोंदी, भाडेकरार, शाळेचा फॉर्म यातून येतं. युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या मुख्य भत्त्यावर, काम करणंही गुन्हा नाही, कमाईच्या प्रमाणात भत्ता कमी होतो एवढंच, गुन्हा आहे ते कमाई लपवणं. म्हणून शिडीवरचा रंगारी दिसला की खूश होऊ नका, त्याने ते काम जाहीर केलंय का ते फाइलवाल्याकडून आधी कळून घ्या.

शूटिंगमध्ये शेजारची मुलं, पाहुणे, बसस्टॉपवरची माणसं येतातच, कमीत कमी येतील असं बघा आणि आली तर लॉगमध्ये लिहा. मूळ रेकॉर्डिंग सीलबंद, काम करायला कॉपी, एक्झिबिटला, म्हणजे पुराव्याच्या वस्तूला, तुमच्या नावाची आद्याक्षरं आणि नंबर.

तुम्हाला अटक करायचा अधिकार नाही आणि समोर जाऊन जाब विचारायचाही नाही. पुढची चौकशी दुसरे लोक करतात, माणसाला त्याचे हक्क सांगून, रेकॉर्डिंग लावून, आणि बऱ्याच केसेस कोर्टापर्यंत जातच नाहीत, जास्तीचे पैसे वसूल होतात किंवा दंड लागतो. गेलीच तर इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी वकिलांचं खातं चालवतं, आणि अप्रामाणिकपणा सिद्ध झाला तर सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. साक्षीला जाताना मूळ लॉग आदल्या रात्री पूर्ण वाचून जा, दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणा, वकील चिडवेल तेव्हा उत्तर जजकडे बघून द्या, आणि कोर्टात गेल्या गेल्या टीममधल्या दुसऱ्या साक्षीदाराशी केसबद्दल एक शब्द बोलू नका, कॅन्टीनमध्ये तर अजिबातच नको, शेजारच्या टेबलवर कोण बसलंय ते तुम्हाला माहीत नसतं.